एका बुरशीचे कूळ

जळगावहून सुरतेकडे जाणारी आगगाडी उधन्याच्या अलीकडे चलथाणला पोहोचते. तेथे सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात दक्षिण गुजरातेत ऊसतोडीसाठी धुळे-नंदुरबारकडची पुष्कळ कुटुंबे येतात, म्हणून हा मुलूख आपल्याला परका नाही. साखर काढून उरलेल्या काळ्या मळीपासून यीस्टच्या साहाय्याने मद्यार्क होतो, हे आपण जाणताच. पण शुद्ध केलेल्या मळीवर एक काळी बुरशीही पोसता येते, आणि ती साखरेचे सायट्रिक आम्ल बनवते! जेम्स करी या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. तोवर हे आम्ल मुख्यतः इटलीतील लिंबांपासून काढीत.

या बुरशीच्या प्रजातीचे नाव ॲस्परजिलस. १७२९ मध्ये मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तिचा तुरा चर्चमधील तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला, आणि त्यावरून हे नाव पडले. हिच्याच एका जातीला जपानी लोक शिजवलेल्या भातावर वाढवतात. त्या बुरशीयुक्त धान्याला कोजी म्हणतात. पिष्टाची साखर करणे आणि सोयाबीनमधील प्रथिने फोडणे हे तिचे काम. मिसो व सोया सॉस त्यातूनच होतात. आपली इडली किंवा ताक मात्र बुरशीचे नव्हे. ते जिवाणूंचे व यीस्टचे काम. आपल्या गृहिणी बुरशीला घराबाहेर काढतात, ते योग्यच आहे.

कारण कोजीच्या बुरशीची अगदी सख्खी बहीण रानटी आहे. शतकानुशतके जोपासलेल्या कोजीची विष करण्याची शक्ती लोपली. हिची लोपलेली नाही. दमट मका व शेंगदाणे यांवर ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते. १९६० मध्ये इंग्लंडात भुईमुगाच्या पेंडीतून या विषाने सुमारे लाखभर टर्की पक्षी मेले. १९७४ मध्ये तर गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवेळी पावसाने भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठले, आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतले कुत्रेही मेले. गरिबाने तो मका टाकून द्यावा तरी कसा? घरात दुसरे धान्य होते कुठे?

धुऊन किंवा भाकरी भाजून हे विष पुरते जात नाही. तेव्हा कणसे भिजली, तर ती ढीग करून ठेवू नयेत. लगेच पसरून कडक उन्हात वाळवावीत. कणगी जमिनीपासून उंच ठेवावी. हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे निवडून जनावरांपुढेही टाकू नयेत. दुभत्या गाईने ते खाल्ले, तर विषाचा अंश तिच्या दुधात उतरतो.