चिठ्ठीवरची तारीख



ज्या व्यासपीठावरून थोरांची चरित्रे आणि राष्ट्राचे प्रश्न आपण ऐकता, तेथे आज मी औषधाच्या चिठ्ठीसारखा क्षुल्लक विषय घेऊन उभा आहे. परंतु ज्या घरात फेफऱ्याचा रोगी आहे, किंवा गोळीवाचून ज्याचा डोळा लागत नाही असा वृद्ध आहे, त्या घराला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

कराडच्या कोणत्याही औषधांच्या दुकानापाशी संध्याकाळी घटकाभर उभे राहा. कोयनेच्या खोऱ्यातून एस. टी.ने आलेला एखादा मनुष्य घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे करतो. ‘मागच्याच गोळ्या द्या.’ दुकानदार चिठ्ठी उलटसुलट पाहतो आणि म्हणतो, ‘नवी चिठ्ठी आणा.’ ‘अहो, रोख पैसे देतोय, फुकट मागत नाही!’ झाले, वादाला तोंड फुटते. गिऱ्हाइकाला तो अपमान वाटतो. पण हा नियम दुकानदाराच्या मनातला नव्हे.

आपल्या देशात औषधांचा कायदा 1940 साली झाला आणि त्याचे नियम 1945 साली आले. त्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रोग्याचे नाव-पत्ता आणि औषधाचे प्रमाण हवे. शिवाय डॉक्टरांनी पुन्हा देण्याविषयी लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे. ‘इतक्या वेळा’ किंवा ‘इतक्या दिवसांनी’ असे लिहिले असेल, तर तेवढेच आणि तेव्हाच. औषध देताना दुकानदाराने सहीच्या वर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवावयाची असते. म्हणजे औषध पुन्हा केव्हा मिळावे, हे गल्ल्यापाशी ठरत नाही; ते डॉक्टरांच्या लेखणीने ठरते.

काही औषधांवर पहारा याहून कडक आहे. डायझेपाम, आल्प्राझोलाम, कोडीन यांसारखी औषधे 2014 च्या मार्चपासून ‘एच-1’ या अनुसूचीत आहेत. त्यांची विक्री वेगळ्या वहीत डॉक्टर व रोगी यांच्या नावांसह टिपावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ‘एक्स’ अनुसूचीतील औषधांना चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक प्रत दुकानदाराकडे दोन वर्षे राहते. साठ्यालाही मर्यादा आहे. मनावर परिणाम करणाऱ्या नियंत्रित औषधांच्या शंभर मात्रांपर्यंत एका वेळी स्वतःच्या उपचारासाठी जवळ बाळगता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे मुद्दाम लिहिले, तर तीनशेपर्यंत.

एवढा बंदोबस्त कशासाठी? झोपेची गोळी प्रथम आपली चाकरी करते. पुढे आपणच तिचे चाकर होतो. आज एक, उद्या दोन, आणि मग दुकानामागून दुकान. जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालली, तर हे कोणाच्याच ध्यानात येणार नाही.

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. अशी गोळी सवय झाल्यावर एकाएकी बंद केली, तर अंगाला कंप सुटतो, झोप उडते, प्रसंगी झटकेही येतात. फेफऱ्याचे औषध दोन दिवस चुकले, तर शांत असलेला रोग उसळतो. तेव्हा ‘नियम म्हणजे नियम’ एवढे बोलून आपली सुटका नाही. कायद्याचा अतिरेकही माणसाला छळतो. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर देशात मॉर्फीनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला आणि कर्करोगाच्या कित्येक रोग्यांना वेदनाशमनाला मुकावे लागले. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

मग मधला मार्ग कोणता? तीन माणसांनी तीन गोष्टी कराव्या. डॉक्टरसाहेबांनी मुदत आणि पुन्हा देण्याची संख्या स्वच्छ अक्षरांत लिहावी. त्या एका ओळीने खेड्यातल्या माणसाची एक खेप वाचेल. दुकानदाराने नुसते ‘नाही’ म्हणून पाठ फिरवू नये. काय उणे आहे ते सांगावे, आणि गोळी एकदम तोडण्यातला धोका दिसला, तर रोग्याला तेव्हाच डॉक्टरांकडे धाडावे. आणि आपण? घरातल्या दिनदर्शिकेवर गोळ्या संपण्याच्या तारखेआधी आठवडाभर एक खूण करावी. त्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोजाव्या आणि डॉक्टरांची भेट ठरवावी. शेवटची गोळी गिळल्यावर धावाधाव करू नये. शेजाऱ्याच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत, आपल्या देऊ नयेत.

गोळ्या अपेक्षेआधी संपू लागल्या, तर दुकानदाराशी भांडण्यापूर्वी घरातल्या माणसाशी दोन शब्द प्रेमाने बोलावे. तेथे रागावणे उपयोगाचे नाही; त्याला सोबत करून डॉक्टरांकडे न्यावे. चिठ्ठीवरची तारीख ही आपल्याला अडवण्यासाठी नसते. ठरावीक दिवसांनी कोणीतरी आपल्याकडे पुन्हा नीट पाहावे, यासाठी ती असते.