शंकरपट आणि बैलांची निगा

शहरांतील घरोघरी मुले दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गाड्यांच्या शर्यती खेळताना दिसतात. त्यांपैकी ‘सुपर मारिओ कार्ट’ हा जपानी खेळ १९९२ सालच्या ऑगस्ट महिन्यात निघाला आणि आज त्याची गणना जुन्या, जपून ठेवण्याजोग्या खेळांत होऊ लागली आहे. ज्यांच्या संग्रही तो आहे ते त्याची धूळ झाडतात, आतील पत्र्याच्या पट्ट्या पुसतात, नोंदी टिकविणारी लहानशी बॅटरी वेळेवर बदलतात. खेळ संपला म्हणजे कळ दाबावी, गाड्या जागच्या जागी थांबतात. पुढे महिनाभर कोणी तिकडे ढुंकून पाहिले नाही तरी त्यांचे काही बिघडत नाही. परंतु याहून कितीतरी जुनी अशी गाड्यांची एक शर्यत विदर्भात आहे. तिच्यातील गाडी ओढणाऱ्यास कळ नाही. त्यास पोट आहे, खूर आहेत आणि भीतीही आहे. या शर्यतीस शंकरपट म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचेच हे वऱ्हाडी भावंड होय. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष नावाजलेला असून तेथे स्त्रियाही जोड्या हाकीत आल्या आहेत. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या खेड्यात शेतकऱ्याचे सारे वर्ष सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्या मागे जाते. खरिपाची रास घरी आली, हवेत गारवा आला, म्हणजे मग पटाच्या गोष्टी निघू लागतात. हा काळ केवळ सवडीचा म्हणून निवडला गेला असे नव्हे. बैलास उन्हाचा ताप फार होतो. थंडीत तो धावू शकतो, वैशाखात त्यास पळविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

पटाची तयारी जमिनीपासून सुरू होते. पीक निघालेले सपाट रान पाहावे लागते. त्यातील धसकटे व दगड वेचून काढावे लागतात, ढेकळे फोडून वखराने जमीन सारखी करावी लागते. माती फार कठीण असली तर खुरांना हिसके बसतात, फार भुसभुशीत असली तर पाय रुततो. दोन्ही बाजूंस दोर अथवा कठडे बांधून प्रेक्षकांना दूर ठेवावे लागते. नवखा मनुष्य एक गोष्ट हटकून विसरतो, ती ही की, शेवटच्या रेषेपलीकडे पुष्कळ मोकळी जागा ठेवली पाहिजे. भरधाव आलेली जोडी रेषेवर थांबत नाही. पुढे गर्दी असली तर माणसांचा आणि बैलांचा दोघांचाही घात होतो.

जोडी हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. छकडा हलका असतो, आणि त्यावर तोल सांभाळीत बसणे हीच एक विद्या आहे. कोठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कोठे एकेक जोडी सोडून घड्याळाने वेळ मोजतात. निशाण पडते, धूळ उठते, आरोळ्या होतात, आणि पाहणाऱ्याने श्वास सोडेपर्यंत सारे संपलेलेही असते. जोडीतील दोन्ही बैल एका चालीचे असले तरच ही धाव सरळ होते. एक पुढे ओढू लागला आणि दुसरा मागे राहिला की छकडा तिरपा जातो. म्हणून जाणता धुरकरी पळण्यापूर्वी जोडीस संगतीने चालावयास शिकवितो.

या काही क्षणांमागे वर्षभराची निगा असते. बैलाचे वय दातांवरून ओळखतात. दात पुरते जुळले नाहीत अशा कोवळ्या गोऱ्ह्यास शर्यतीस जुंपणे शहाणपणाचे नव्हे. कडब्याच्या जोडीस सरकीची ढेप, तुरीची चुरी, भिजविलेला हरभरा असा खुराक बेताबेताने द्यावा लागतो. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. भरल्या पोटी त्यास पळवू नये आणि खाल्ल्यावर त्यास निवांत बसू द्यावे. त्याचे खूर दुभंगलेले असल्यामुळे एकेका पायास दोन दोन पत्र्या ठोकाव्या लागतात, आणि एक खिळा चुकीच्या जागी गेला तर बैल दिवसेंदिवस लंगडतो. जुवाखालच्या मानेस घट्टे किंवा जखम नाही ना, हे रोज हाताने चाचपून पाहावे लागते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे शेकून तुपा-हळदीने मळण्याची चाल आहे. त्या चालीत भक्ती आहे, आणि वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची विचारपूसही आहे. याशिवाय लाळ-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्या लागतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा राज्यातील जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या होत्या, ही गोष्ट पशुपालक विसरलेले नाहीत.

आता या खेळावर जे बालंट आले त्याचा विचार करणे प्राप्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांना मनाई केली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, आणि वेदना व भय यांपासून मुक्त असण्याचा त्यास अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली १९६० च्या प्राणी-क्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. तथापि उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती बंदच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. मात्र नियमांचे कसोशीने पालन करवून घेण्याची जबाबदारी त्याच निर्णयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. पूर्वपरवानगी हवी, पशुवैद्याचा दाखला हवा, धावेचे अंतर १००० मीटरच्या आत हवे. काठी, चाबूक, टोचणी अथवा विजेचा धक्का यांस सक्त मनाई आहे. बैलास इजा करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पटाचे अभिमानी म्हणतात की, ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाचे काम उरले नाही. पट आहे म्हणून तरी कोणी चांगली जोडी बाळगतो, आणि गवळाऊसारखी चपळ वैदर्भी जात टिकून राहते. या म्हणण्यात तथ्य आहे. प्राणिमित्र म्हणतात की, बैल आपण होऊन शर्यतीस उभा राहत नाही. शेपूट पिरगाळून, आर टोचून मिळविलेल्या धावेस परंपरा कसे म्हणावे? या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय. सात वर्षांहून अधिक काळ पट बंद राहिला याचे कारण केवळ न्यायालयात शोधून चालणार नाही. ज्यांनी आर हाती घेतली त्यांच्या हातीही ते होते.

यावरून एवढे निष्पन्न होते की, पट टिकणे वा न टिकणे हे यापुढे गोठ्यात ठरावयाचे आहे. ज्या गावास पट भरवावयाचा असेल त्याने बक्षिसाची रक्कम ठरविण्याआधी पाण्याची टाकी, सावलीचा मांडव आणि पशुवैद्य यांची सोय केली आहे की नाही ते पाहावे. शहरांतून मुलाबाळांसह पाहावयास जाणाऱ्यांनीही कठड्याबाहेर उभे राहावे, पैज लावू नये, आणि कोणी बैलास टोचताना दिसला तर टाळी न वाजविता तेथील अधिकाऱ्यास सांगावे. शक्य झाल्यास मुलांना शर्यत संपल्यावर थोडा वेळ थांबवून घ्यावे. जोडी छकड्यातून सुटते, धुरकरी तिच्या पाठीवर हात फिरवितो, धाप ओसरल्यावर पाणी पाजतो, खूर उचलून पाहतो. पुढल्या पटापर्यंतचे त्याचे काम तेथूनच सुरू होते, आणि मुलांनी पाहावे ते तेच.