चेक इंजिनचा पिवळा दिवा

गाडी नीट चालतेय, पण डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाय. स्कॅनर जोडल्यावर कोड येतो पी ०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, की ऑक्सिजन सेन्सर कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ही वाढ म्हणजे फ्युएल ट्रिम. ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की दिवा लागतो.

मेकॅनिकला ट्रिमचा आकडा दोनदा बघायला सांगा. इंजिन रेस न देता चालू असताना तो जास्त आणि २५०० आरपीएमला कमी दिसला, तर बहुधा कुठूनतरी हवा आत शिरतेय. तडकलेला रबरी पाइप, निसटलेली व्हॅक्यूमची नळी शोधा. रेस वाढवल्यावर आकडा चढला, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर तपासा.

ऑक्सिजन सेन्सर लगेच बदलू नका. बहुतेक वेळा त्यानं फक्त खबर दिलेली असते. पण दुर्लक्षही नको. पेट्रोल कमी पडून इंजिन मिसफायर करू लागलं, तर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. दिवा लुकलुकू लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.