महिन्याचा दुसरा रविवार
(अकोल्यात तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता 'तरुण आणि राजकारण'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी कुणी नेता नाही. मी अमरावतीचा, बडनेऱ्याला गाडीत बसून आलोय. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इंजिनिअर झालो, पुण्यात सात वर्षं काढली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो परत गेलोच नाही. त्यामुळे मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगतो: आमच्या मोहल्ल्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असरनंतर एक बैठक होते, तिच्याबद्दल.

ती सुरू कशी झाली ते आधी. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अकोल्याने मे २०२३ मध्ये तेच भोगलं, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं, रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे फोटो. तो एका क्षणात मुका झाला. रस्त्यापलीकडे हिंदू वस्ती. तिथे काय चाललंय हे फोन करून विचारावं म्हटलं, तर माझ्याकडे पलीकडच्या एकाही माणसाचा नंबर नव्हता. तीस वर्षं त्याच रस्त्याने शाळेत, कॉलेजात, किराण्याला गेलो. नंबर एकाचाही नाही. त्या रात्री मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

जानेवारी २०२२ मध्ये एका चाचांच्या लाकडाच्या वखारीत पहिली बैठक झाली. १९ जण आले. दुसरीला ११. तिसरीला आम्ही चौघं, त्यात एक चहावाला. त्याचं कारण मीच होतो. मी प्रोजेक्टर नेला होता. मोहल्ल्याच्या साठ तक्रारींची यादी, प्रत्येकीला रंग, लाल-पिवळा-हिरवा. लोक सिनेमा बघावा तसे बघत होते आणि बोलत कुणीच नव्हतं. पलीकडच्या वस्तीतले एक निवृत्त तलाठी काका पहिल्यापासून येतात. ते शेवटी म्हणाले, "बाबू, हे साठ राहू दे. यातलं एक घे, अर्ज लिव्ह आन् आवक नंबर घेऊन ये."

आम्ही एक घेतलं: नाल्याचा गाळ. अर्ज दोन प्रतींत लिहिला, एक दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. महिनाभर काही नाही. मग माहिती अधिकारात विचारलं: अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली, कोणत्या तारखेला, कोणी केली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो, हेही काकांनीच सांगितलं. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता आणि त्यात संविधानाची प्रस्तावनाही होती! तीस दिवसांत उत्तर द्यायची मुदत असते. उत्तर यायच्या आधीच गाळ काढणारी माणसं आली. पुढच्या बैठकीला २६ जण होते.

आता भाषेबद्दल थोडं, कारण इथे मुलंमुली उर्दू शाळांतली दिसतात. घरी आपण जे बोलतो ते उर्दू आहे की दखनी की वऱ्हाडी, हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही. पण कार्यालयात अर्ज मराठीतच चालतो. आमच्याकडे बी.एस्सी. झालेली मुलं मराठी अर्ज लिहायला टायपिंगच्या दुकानात जायची, पन्नास रुपये देऊन. दुकानदार काय लिहितो हे त्यांना वाचता यायचं, तपासता यायचं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की बैठकीचं इतिवृत्त मराठीत, आणि दर महिन्याला वेगळ्या मुलाने किंवा मुलीने लिहायचं. चुका होतात. तलाठी काका लाल पेनाने दुरुस्त करतात. उर्दू सोडा असं मी म्हणत नाही, उलट. तुमच्याच जिल्ह्यातलं पातूर घ्या. तिथल्या नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दूत नाव होतं, ते काढा म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही. फलकावरची उर्दू टिकली, चांगलं झालं. पण फलकाच्या आत, टेबलावर, जो अर्ज जातो तो तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे.

बायका पहिलं वर्षभर आल्या नाहीत. वखारीत कशा येणार? आम्हाला ते सुचलंसुद्धा नाही. एक खाला एकदा दारातूनच म्हणाल्या, "पानी हम भरें और मीटिंग तुम भरो?" तेव्हापासून एका आड एक महिना बैठक त्यांच्या अंगणात होते. विषय बदलले. वखारीत रस्ता, गाळ, दिवे यांवर बोलणं व्हायचं. अंगणात कागद निघाले.

या कागदांवर मी जरा थांबणार आहे. आपल्या वऱ्हाडात मुसलमानाचं नाव कसं असतं? उदाहरणार्थ, शेख हनीफ शेख युसुफ. बायकोचं नाव शबाना बी शेख हनीफ. आपल्या कानाला यात काहीच गैर नाही. पण संगणकाच्या फॉर्मला तीन खाने असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आता बसवा. एका कागदावर 'शे. हनीफ शे. युसुफ', दुसऱ्यावर 'हनीफ युसुफ शेख', तिसऱ्यावर नाव 'शेख' आणि आडनाव 'युसुफ'. माझ्या पुण्याच्या नोकरीत माझ्या ईमेलवर आडनावाच्या जागी अब्बांचं नाव होतं. सात वर्षं मला सगळे अब्बांच्या नावाने हाक मारायचे. मी हसून घेतलं. मी पेशाने हेच काम करतो, म्हणून सांगतो: यंत्राला शे. हनीफ आणि हनीफ शेख ही दोन माणसं वाटतात. ते यंत्र दुष्ट नसतं, त्याला वऱ्हाड माहीत नसतं.

आणि हे हसण्यावारी नेण्याचे दिवस गेले. एक वर्षाहून जास्त उशीर झालेल्या जन्माची नोंद करायची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कोर्टाचा आदेश लागायचा. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि तो अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे आला. लोकांनी अर्ज केले. मग जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने हे दाखले देणं थांबवलं, चौकशीसाठी विशेष पथक नेमलं, मार्चमध्ये नियम कडक केले. त्या सगळ्या गदारोळात अकोला आणि अमरावती ही नावं रोज टीव्हीवर होती, आणि शब्द होता 'बांगलादेशी'. आमच्या अंगणात त्या महिन्यात सत्तरच्या आसपास माणसं होती. साठीच्या बायका, दाईच्या हातून घरात जन्मलेल्या, ज्यांनी शाळा पाहिली नाही. त्या विचारत होत्या, "बेटा, हम कहाँ के हैं, ये कौन लिख के देगा?"

भाषण देऊन याचं उत्तर देता येत नाही. आम्ही दोन महिने फक्त कागद शोधले. माहेरच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल. भाऊ शाळेत गेला असेल तर त्याचं दाखल-खारीज. जुना सातबारा असलाच तर. प्रत्येक घराची एक फाईल, आणि फाईलच्या पहिल्या पानावर त्या माणसाचं नाव किती प्रकारे लिहिलं गेलंय त्याची यादी. एका घरात नऊ प्रकार निघाले. सगळ्यांचं काम झालं असं नाही. काही अर्ज अजून अडकलेले आहेत, आणि एका खालाच्या जन्माचा एकही पुरावा आम्हाला सापडलेला नाही. त्या दर बैठकीला येतात, मागे बसतात, काही विचारत नाहीत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मतदार यादीचंही असंच. आम्ही आमच्या केंद्राची यादी छापून बैठकीत मोठ्याने वाचतो. वारलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, दोनदा असलेले, नसलेले. नवं नाव नमुना ६, दुरुस्ती आणि पत्ता बदल नमुना ८, आणि कुणाच्या नावावर हरकत आली तर ती नमुना ७ मध्ये. हे तीन आकडे आमच्याकडे सातवीतल्या पोरालाही पाठ आहेत.

लोक म्हणतात, चांगलं समाजकार्य आहे, यात राजकारण आणू नका. मी दरवेळी सांगतो, चाचा, हे राजकारणच आहे. आमचा नियम एवढाच की पक्षाचा झेंडा नको, हार नको. एकदा एक पुढारी हार-फोटोवाला घेऊन आले, पाऊण तास बोलले आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात उपस्थिती निम्मी. आता कुणीही या, पाच मिनिटं बोला, मग खाली बसून ऐका.

मार्च २०२२ पासून तुमच्या-आमच्या दोन्ही महापालिकांत प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हता. यंदा १५ जानेवारीला मतदान झालं. अमरावतीत ८७, अकोल्यात ८० सदस्य. एका प्रभागात साधारण चार जण, म्हणजे पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. प्रचारात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही एकच प्रश्न विचारला: क्षेत्रसभा घेणार का? बहुतेकांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. २००९ साली महापालिका कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही तरतूद आहे. त्या भागातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या, नाही घेतल्या तर पद जाऊ शकतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही अशी सभा झाल्याचं आठवत नाही. घड्याळ आता सुरू झालंय. आमचा मागणी अर्ज गेलाय, आवक क्रमांक घेतलाय.

एक गोष्ट भिवंडीची. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव बदनाम होतं. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोघांच्या. तिथे काय चालायचं? नळावरची भांडणं, नवरा-बायकोची कुरबुर, गटार. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसं मेली आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. लोक विचारतात, बैठकीत एवढ्या फालतू गोष्टी कशाला? भिवंडीच्या कमिट्या अशाच गोष्टींवर उभ्या होत्या. त्या मात्र पोलिसांनी बोलावलेल्या होत्या, आमची आम्ही बोलावतो. आणि कबूल करतो, रस्त्यापलीकडून आमच्याकडे नियमित येणारी माणसं आजही तीनच आहेत. पण नंबर आता माझ्याकडे चाळीस आहेत.

कालच इथल्या दोन मुलींनी फोन करून विचारलं, आमच्या जुन्या शहरात सुरू करायचं तर काय लागेल. एक वही लागेल, शंभर पानी. आवक क्रमांकांना वेगळी वही. जागा बायकांना येता येईल अशी. तारीख ठरली की बदलायची नाही, पाऊस असो की लग्न. पहिल्या तीन महिन्यांत माणसं कमी होतील, तेव्हा मला फोन करा, मी येतो. प्रोजेक्टर आणणार नाही.

माझी परतीची गाडी साडेसातला आहे, म्हणजे प्रश्नांना अर्धा तास आहे. ज्यांनी नावाचे कागद आणलेत त्यांनी आधी पुढे या.