घरातली मराठी आणि ‘बनगरवाडी’ची भाषांतरे



शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल; पण मुलांनी वाचली असेल ती हिंदीतून. ‘मृत्युंजय’ हिंदीत सहज रुळली, कारण कर्ण दोन्ही भाषांना आधीपासून ठाऊक होता. आज मी बोलणार आहे ते ज्या कादंबरीला अशी ओळख मिळणे अवघड, तिच्याविषयी.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. त्या वर्षी आपली राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला आपण आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत गेलो. कादंबरी आहे माणदेशची, औंध संस्थानातली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. कारभारी, आनंदा रामोशी अशी माणसे त्याला हळूहळू आपला मानतात. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते.

राम देशमुखांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले, त्याचे नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. परक्या वाचकाला ‘बनगर’ हे नाव काय सांगणार? म्हणून नाव बाजूला ठेवून गावाचे रूपच मथळ्यात आणले. १९९५ साली अमोल पालेकरांनी चित्रपट केला. पडद्यावर वाडी समजावून सांगावी लागत नाही. माळ, मेंढरे, घरे समोरच दिसतात. मात्र कादंबरी मास्तर स्वतः सांगतो. त्याच्या मनातली धाकधूक पडद्यावर चेहऱ्यावरूनच ओळखावी लागते. प्रत्येक रूपांतरात काही मिळते, काही सुटते.

आता आपल्या बालाघाटकडे येऊ. हिंदी आपल्या इतकी जवळ आहे, की भाषांतराची गरजच नाही असे वाटते. फसगत तिथेच होते. माझ्या नातवाला मी ही कादंबरी वाचायला दिली. लिपी तीच, त्यामुळे तो भराभर वाचू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “आजोबा, बनगर लोकांची बाडी म्हणजे भाजीपाल्याचीच ना?” आपल्याकडे घरामागे बाडी असते, त्याचे काय चुकले? पुढे मास्तर गावाच्या श्रमातून तालीम उभारतो. नातू म्हणाला, “शाळा तर आधीच होती!” हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीतली तालीम कुस्तीची, लाल मातीची, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते मीच सांगायला हवे होते.

त्या दिवशी कळले, की आपल्या घरांत भाषांतरकाराचे काम आजीआजोबांनी करायचे आहे. आपण ते सोडून दिले आणि मुलांना मराठी येत नाही म्हणून हळहळत बसलो. इंग्रजी वाचकासाठी राम देशमुखांनी कष्ट घेतले. आपल्या नातवंडांसाठी कोण घेणार?

म्हणून एक विनंती करून थांबतो. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या लहानग्याला ‘बनगरवाडी’ची दोन पाने मोठ्याने वाचायला सांगा. उच्चार चुकले तर हसू नका. अडेल तिथे शब्द सांगा. त्याला वाचता येते, तुम्हाला कळते. दोघे मिळून एक वाचक होतो. महिना-दीड महिन्यात पुस्तक संपेल. नंतर चित्रपट एकत्र पाहा आणि काय सुटले ते त्यालाच विचारा.