खेदिवाचें कर्ज

एखाद्या गृहस्थानें घेतलेलें कर्ज फिटलें नाहीं, तर सावकार कोर्टांत जातो, हुकूमनामा मिळवितो आणि घरावर जप्ती आणतो. परंतु कर्ज घेणारें जर एखादें राष्ट्र असेल, तर त्याच्यावर जप्ती कोणीं व कशी आणावयाची? हा प्रश्न केवळ वादापुरता नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इजिप्त देशाला त्याचें उत्तर प्रत्यक्ष मिळालें, आणि तें इतकें विदारक होतें कीं, परक्या भांडवलाचा विषय निघाला म्हणजे अभ्यासकांना आजहि त्या देशाची आठवण होते.

या कथेचा आरंभ अमेरिकेंत होतो. १८६१ सालीं तेथें उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें युद्ध जुंपलें, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. कापसाचे भाव कडाडले व इंग्लंडचा पैसा दोन वाटांनीं पूर्वेकडे वाहूं लागला. एक वाट मुंबईची, दुसरी अलेक्झांड्रियाची. मुंबईंत त्या पैशानें काय केलें, हें तेथील जुन्या घराण्यांना सांगावयास नको. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअरांचे भाव आकाशाला भिडले, प्रेमचंद रायचंद यांचें नांव घरोघर झालें. आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो सारा डोलारा कोसळला व पुढें बँक ऑफ बॉम्बेसारखी पेढीहि मोडली. परंतु मुंबईंत बुडाले ते व्यापारी आणि भागीदार. इजिप्तमध्यें बुडावयाचें होतें तें राज्य.

१८६३ च्या जानेवारींत इस्माइल इजिप्तच्या गादीवर आला. देश नांवाला तुर्की सुलतानाचा मांडलिक होता. १८६७ सालीं सुलतानानें इस्माइलला ‘खेदिव’ ही पदवी दिली. पॅरिसमध्यें शिकलेल्या या राजाला आपला देश युरोपच्या बरोबरीस आणावयाचा होता. त्यानें आगगाड्या, तारायंत्रें, शाळा व साखरेचे कारखाने काढले. कैरोंत रुंद रस्ते आखले, संगीत नाटकगृह उभारलें. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला, तेव्हां युरोपांतील राजेरजवाडे त्याचे पाहुणे होते. ऋण काढून सण करणारा राजा, असें त्याचें चित्र पुढें रंगविण्यांत आलें. तें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. राजवाड्यांवर व मेजवान्यांवर पैसा उधळला गेला, तसाच तो शेतीला पाणी देणाऱ्या पाटांतहि गेला. कर्ज किती काढलें यापेक्षां तें कोणत्या अटींवर काढलें, यांत खरा घात होता.

त्या अटी समजून घेण्यासारख्या आहेत. इंग्लंडच्या सरकारी रोख्यांवर तेव्हां शेंकडा तीन व्याज मिळे. लंडन व पॅरिस येथील लोकांची शिल्लक अधिक व्याजाच्या शोधांत होती, आणि पाणी जसें उताराकडे धांवतें, तशी ती कैरोकडे धांवली. पेढीवाले रोखे काढीत; परंतु रोख्यावर शंभर पौंड लिहिलेले असले, तरी खेदिवाच्या पदरांत शंभर पडत नसत. कसर, दलाली, जोखमीचा मोबदला हें सारें आधींच कापून घेतलें जाई. व्याज मात्र पुऱ्या शंभरांवर. १८७३ च्या मोठ्या कर्जाची दर्शनी रक्कम ३ कोटी २० लक्ष पौंड होती. हातीं आले ते सुमारें २ कोटी. कागदावरचा दर शेंकडा सात असला, तरी खरा दर दहाअकरांवर गेला. शिवाय ती रक्कम बहुतेक जुन्या हुंड्या भागविण्यांतच खर्चीं पडली. जुनें देणें भागविण्यासाठीं नवें कर्ज काढावें लागलें, कीं ऋणको आपल्या पायांवर उभा नसतो. तो सावकाराच्या मर्जीवर उभा असतो.

हा बोजा शेवटीं उचलीत होता तो नाईलकांठचा शेतकरी; त्याला तेथें फेलाह म्हणतात. १८७१ सालीं असा कायदा निघाला कीं, सहा वर्षांचा धारा आगाऊ भरणारास पुढें निम्मा धारा कायमचा माफ. म्हणजे आजच्या अडचणीसाठीं राज्यानें उद्यांचें उत्पन्न विकलें. इतक्यांत १८७३ सालीं व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला, १८७५ च्या ऑक्टोबरांत तुर्कस्तानानें आपल्या कर्जावर निम्मेंच व्याज रोख देण्याचें जाहीर केलें, आणि पैशाचा ओघ जसा आला होता तसाच आटला. नोव्हेंबरांत खेदिवानें सुवेझ कंपनीचे आपले १,७६,६०२ भाग विकावयास काढले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनीं रॉथशिल्डच्या पेढीकडून पैसा उचलून ते सुमारें ४० लक्ष पौंडांस घेतले. ज्या कालव्यासाठीं हजारों फेलाह वेठीस धरले गेले होते, त्यांतील राज्याचे भाग असे गेले. एवढें करूनहि ८ एप्रिल १८७६ रोजीं कर्जफेड तहकूब करावी लागली.

आणि मग जप्ती आली. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत सार्वजनिक कर्जाची एक स्वतंत्र तिजोरी कैरोंत स्थापन झाली आणि धनकोंच्या राष्ट्रांचे प्रतिनिधि तिच्यावर बसले. ९ कोटी १० लक्ष पौंडांचें कर्ज एकत्र करण्यांत आलें व ठराविक प्रांतांचा महसूल थेट त्या तिजोरींत जाऊं लागला. पाठोपाठ राज्याच्या जमाखर्चावर एक इंग्रज व एक फ्रेंच नियंत्रक आला. १८७७ सालीं नाईलला पाणी कमी आलें, वरच्या इजिप्तमध्यें दुष्काळ पडला. तरीहि मे १८७८ चा व्याजाचा हप्ता पुरा पोंचता झाला. तो कसा वसूल झाला, हें फेलाहाच्या पाठीवरील चाबकाच्या वळांनीं सांगितलें असतें. त्याच वर्षीं दोन युरोपियन गृहस्थ मंत्रिमंडळांत आले, आणि पुढें काटकसर म्हणून लष्करी अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर काढण्यांत आलें. इस्माइलनें या मंत्र्यांना दूर करतांच युरोपच्या दडपणानें सुलतानानें जून १८७९ मध्यें त्यालाच पदच्युत केलें. असंतुष्ट सैन्याचें पुढारीपण अहमद उराबी यानें घेतलें. ११ जुलै १८८२ रोजीं ब्रिटिश आरमारानें अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या व सप्टेंबरांत तेल-एल-केबीर येथें उराबीचा पराभव झाला. त्या मोहिमेंत हिंदी पलटणीहि होत्या. तात्पुरता म्हणविलेला तो ताबा इतका लांबला कीं, शेवटचें ब्रिटिश सैन्य इजिप्तमधून हलावयास १९५६ साल उजाडलें.

आतां कर्जवसुलीसाठीं तोफा डागल्या जात नाहींत; पण या नाटकाचे अंक फारसे बदललेले नाहींत. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तेलवाल्या देशांचा पैसा न्यूयॉर्क व लंडनच्या बँकांत सांचला आणि तेथून तो बदलत्या व्याजानें मेक्सिको, ब्राझील यांसारख्या देशांकडे वाहिला. १९७९ पासून अमेरिकेनें महागाई आवरण्यासाठीं व्याजाचे दर चढविले, आणि ऑगस्ट १९८२ मध्यें मेक्सिकोनें हप्ते देतां येत नसल्याचें जाहीर केलें. कर्जाचा कांहीं भाग सोडून देण्याची योजना पुढें येण्यास १९८९ साल उजाडलें. मधल्या काळाला तेथील लोक ‘गमावलेलें दशक’ म्हणतात. भारतावरहि १९९१ सालीं परकीय चलन कांहीं आठवड्यांच्या आयातीपुरतेंच उरल्याचा प्रसंग आला. रिझर्व्ह बँकेचें सुमारें ४७ टन सोनें इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावें लागलें, आणि त्यासाठीं तें मुंबईहून विमानानें परदेशीं गेलें. सुदैव इतकेंच कीं, तें तारण पुढें सोडवितां आलें.

मग दोष कोणाचा, ऋणकोचा कीं धनकोचा? इंग्रज अधिकाऱ्यांनीं इस्माइलच्या उधळपट्टीकडे बोट दाखविलें, इजिप्तच्या देशभक्तांनीं पेढीवाल्यांच्या लोभाकडे. दोन्ही बोटें योग्य जागीं होतीं. पण त्यांच्या आड एक साधी गोष्ट झांकली गेली. परक्या चलनांत घेतलेलें कर्ज परक्या चलनांतच फेडावें लागतें. आणि तें चलन एकाच पिकाच्या निर्यातीवर मिळत असेल, तर त्या पिकाचा भाव पडतांच कर्ज न वाढतांहि जड होतें. म्हणून परकें भांडवल घ्यावें कीं न घ्यावें, एवढ्यानें विचार पुरा होत नाहीं. तें ज्या कामीं लागेल, तें काम फेडीपुरतें चलन मिळवून देईल काय? आणि ओघ आटला, तर दम धरण्याइतकी मुदत हातीं आहे काय? हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वीं विचारले गेले पाहिजेत. कारण राष्ट्राच्या कर्जरोख्यावर सही एकाची असते आणि फेड दुसऱ्याची. पदच्युत इस्माइल आपल्या नौकेंत बसून नेपल्सला निघून गेला. कर्ज मागें राहिलें तें फेलाहासाठीं. धनकोंची ती तिजोरी कैरोंत १९४० सालापर्यंत चालू होती.