परदेशी मैदानावरील गोमंतकीय

गोमंतकीयाने पोटासाठी समुद्र ओलांडावा, यात नवल नाही. कोणी जहाजावर खलाशी झाला, कोणी आचारी, कोणी वादक. परंतु केवळ पायांतील कौशल्यासाठी परक्या देशाने एखाद्यास बोलावून घ्यावे, ही गोष्ट विरळाच. सासष्टीतील असोळण्याच्या रोमियो फर्नांडिसच्या वाट्याला हा मान आला.

1992 साली जन्मलेला रोमियो धेंपो क्लबाकडून खेळे. 2014 साली एफ. सी. गोवा संघात ब्राझीलचे थोर खेळाडू झिको यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधील कुरितीबा येथील अ‍ॅटलेटिको पारानाएन्से क्लबाने त्याला उसनवारीवर घेतले. धंदेवाईक फुटबॉलात ही रीत रूढ आहे. मूळ करार कायम राहतो आणि ठरलेल्या मुदतीपुरता खेळाडू दुसऱ्या संघाकडे जातो. तेथील राज्य स्पर्धेत तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला भारतीय ठरला. मुदत संपताच, काही महिन्यांत, तो परतला.

मुक्काम अल्प होता, म्हणून त्याचे मोल उणे ठरत नाही. मात्र असा खेळाडू घडतो कसा, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी डिचोलीच्या लाल मातीकडे वळावे लागते. धेंपो, साळगावकर, सेझा हे क्लब खाण उद्योगातील घराण्यांनी व कंपन्यांनी पोसले. डोंगरांतून निघालेल्या लोहखनिजाने खेळाडूच्या चुलीलाही आधार दिला. त्या बळावर धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली.

पुढे काळ पालटला. धेंपो समूहाने 2009 साली खाणी विकल्या. 2012 साली गोव्यातील खाणकामच थांबले. 2016 साली महासंघाच्या नव्या आराखड्याशी मतभेद होऊन धेंपो व साळगावकर राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. धेंपो 2024 साली तीत परतला. पण मधल्या आठ वर्षांत वयात आलेल्या मुलांचा काळ कोण परत देणार?

पेडण्यातील मोपच्या पठारावरून 2023 पासून विमाने उडू लागली. परदेशची वाट आता तालुक्याच्या अंगणातून जाते. तथापि तिकीट खेळाडू घडवीत नाही. त्याला गावचे मैदान, जाणता शिक्षक, वर्षभराचे सामने आणि महिन्याचे वेतन लागते. एवढी तजवीज झाली, तर रोमियोच्या मागून पेडणे-डिचोलीचा मुलगाही जाईल. आणि तो अल्प मुदतीसाठी नव्हे, तर जम बसविण्यासाठी जाईल.